विजेशिवाय वजन: हेवी रॉकची अकूस्टिक वाद्य-कव्हर्स नाशिकमध्ये घरच्या घरी कशी ध्वनिमुद्रित करावीत

आमच्या पाच जणांच्या बँडने गंगापूर रोडवरील एका सदनिकेच्या मागच्या खोलीत पहिले कव्हर (दुसऱ्याच्या गाण्याचे आपले सादरीकरण) ध्वनिमुद्रित केले, तेव्हा एकही स्वर चुकला नव्हता आणि लयही कोठे घसरली नव्हती. तरीही ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच शब्द वापरला, तो म्हणजे ‘गोड’. हेवी रॉकचे गाणे गोड वाटते, याचा अर्थ त्यातील मुख्य गोष्टच हातातून निसटलेली असते. आम्ही मूळ गाण्यातील स्वर जसेच्या तसे अकूस्टिक गिटारवर उतरवले होते, पण इलेक्ट्रिक गिटारचे डिस्टॉर्शन त्या स्वरांसाठी जे काम करत होते ते आमच्यापैकी कोणाकडेच सोपवलेले नव्हते. नव्या बँडने सुरुवातीलाच हे ओळखले, तर गाण्याच्या निवडीपासून शेवटच्या मिक्सपर्यंतचे (सर्व वाद्यांचे ट्रॅक एकत्र जुळवण्यापर्यंतचे) बहुतेक निर्णय सोपे होतात. पुढील सर्व पायऱ्या याच एका जाणिवेतून लिहिल्या आहेत.

हा मार्ग नवा नाही. फिनलंडमधील सिबेलियस अकादमीच्या चेलोवादक विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये ‘अपोकॅलिप्टिका’ हा गट सुरू केला आणि १९९६ मध्ये केवळ चार चेलोंवर ‘मेटॅलिका’ या हेवी मेटल बँडची गाणी वाजवलेला अल्बम काढला. मेक्सिकोच्या ‘रॉड्रिगो इ गॅब्रिएला’ या जोडीने २००६ च्या अल्बममध्ये दोन अकूस्टिक गिटारांवर ‘मेटॅलिका’ आणि ‘लेड झेपेलिन’ यांच्या रचना वाजवल्या. दोन्ही उदाहरणे लक्ष देऊन ऐकावीत, पण त्यांची नक्कल करू नये. चेलोचा गज स्वर हवा तितका लांबवू शकतो आणि त्या जोडीतील वादिका गिटारची काया तालवाद्यासारखी वापरते. म्हणजे डिस्टॉर्शनची उणीव दोघांनी वेगवेगळ्या वाटेने भरून काढली आहे, आणि आपल्यालाही आपल्या हाताशी असलेल्या वाद्यांतून तिसरी वाट शोधायची आहे.

डिस्टॉर्शन नेमके काय करत होते

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल अँप्लिफायरमध्ये मर्यादेपलीकडे ढकलला की त्याच्या लहरींची शिखरे कापली जातात. त्यामुळे मूळ स्वरात क्षीण असलेले वरचे उपस्वर ठळक होतात, हलक्या आणि जोरदार आघातांतील फरक कमी होतो आणि स्वर विझायला बराच वेळ लागतो. चौथा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. रॉकमध्ये ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, तो म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. गिटारच्या सर्वांत जाड तारेवरील ई सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि त्याचा पंचम सुमारे १२३ हर्ट्झचा. हे दोन स्वर डिस्टॉर्शनमधून एकत्र गेले की त्यांच्यातील अंतराइतका, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झचा, तिसरा स्वर तयार होतो, आणि तो मूळ ई च्या बरोबर एक सप्तक खाली असतो. छातीत जाणवणाऱ्या वजनाचा मोठा भाग तेथून येतो. अकूस्टिक गिटारवर हाच पॉवर कॉर्ड वाजवला तर असा खालचा स्वर निर्माण होत नाही, उपस्वर पटकन विरतात आणि उरतो तो एक पोकळ, अर्धवट कॉर्ड.

म्हणून काम वाटून द्यावे लागते. आघात गिटारने आणि तालवाद्याने करावा, स्वराची लांबणारी शेपटी गजाच्या किंवा भात्याच्या वाद्याने धरावी, खालचे सप्तक बासने भरावे आणि उपस्वरांची दाटी एकच ओळ दोन सप्तकांत एकत्र वाजवून आणावी. रियाजाच्या खोलीत भिंतीवर कागद लावून प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक भागासाठी ही चार कामे कोणाकडे आहेत ते लिहावे. ज्या भागात एखादे काम कोणाकडेच नाही, तो भाग ध्वनिमुद्रणात हमखास पातळ ऐकू येतो.

गाण्याची निवड

पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी तीन गाणी निवडावीत आणि त्यातील एकच पूर्ण करावे. निवडीची सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणजे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ) तोंडाने गुणगुणून पाहणे. गिटार नाही, आवाज नाही, शब्द नाहीत, तरीही समोरच्याला गाणे ओळखू येत असेल तर त्याचा सांगाडा मजबूत आहे. ‘डीप पर्पल’चे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे १९७२ चे गाणे या कसोटीवर सहज उतरते. त्याचा रिफ जी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये, सा, कोमल ग, म आणि तीव्र म एवढ्याच स्वरांवर उभा आहे. त्यातील प्रत्येक स्वरासोबत खालचा चौथा स्वर वाजतो आणि बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर तो पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) न वाजवता बोटांनी तारा एकाच वेळी खेचून वाजवतो. ही शेवटची गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे, कारण दोन तारा एकाच क्षणी सुटल्या की अकूस्टिक गिटारवरही त्या स्वरजोडीला ठोसा येतो, तर पिकने एकामागून एक छेडल्यास तो जातो.

दोन प्रकारची गाणी सुरुवातीला टाळावीत, असे माझे मत आहे. ज्या गाण्याचा परिणाम जवळजवळ पूर्णपणे वेगावर आणि दोन पायांनी वाजवलेल्या बास ड्रमवर अवलंबून आहे, ते काहोनवर (बसून हातांनी वाजवायच्या लाकडी खोक्यावर) आणल्यास नुसती घाई ऐकू येते. आणि ज्या गाण्याचा अर्धा भाग मुळातच अकूस्टिक गिटारवर आहे, ते सोपे वाटले तरी त्यात आपल्याला सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

निवड झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रण वेग ७० टक्क्यांवर आणून कानाने स्वरलेखन करावे. दुसऱ्यांची कव्हर्स किंवा तयार टॅब (तारा आणि पडदे दाखवणारे गिटारचे लेखन) पाहून लिहिल्यास त्यांच्या चुकाही सोबत येतात. स्वरलेखन सरगममध्ये करावे की इंग्रजी अक्षरांत, हे बँडने एकदाच ठरवावे. आमच्याकडे व्हायोलिनवादक सरगममध्ये आणि गिटारवादक अक्षरांत विचार करत असल्याने दोन आठवडे केवळ गैरसमजात गेले. शेवटी रॉकमधील असंख्य गाणी ज्या ई मध्ये असतात ती आपली पांढरी तीन, एवढे एक कोष्टक सर्वांनी पाठ केले आणि प्रश्न सुटला.

वाद्यांची वाटणी

दोन गिटार असतील तर दोघांनी एकच गोष्ट एकाच जागी वाजवू नये. एका गिटारने मूळ जागी, जाड तारांवर रिफ धरावा, तर दुसऱ्याने कॅपो (तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावून किंवा वरच्या पडद्यांवर तोच रिफ एक सप्तक वर वाजवावा. दोन्ही एकत्र आले की डिस्टॉर्शनमधून मिळणाऱ्या वरच्या उपस्वरांची थोडी भरपाई होते. पॉवर कॉर्डमध्ये गाळलेला गंधार अकूस्टिक गिटारवर परत घालता येतो. डिस्टॉर्शनमध्ये तो गढूळपणा आणतो म्हणून मूळ वादक तो टाळतात, येथे ती अडचण नाही. मात्र मूळ गाण्यात गंधार अनुच्चारित ठेवल्यामुळे जो कोरडा, उग्र भाव येतो तो त्यासोबत जातो, म्हणून रिफमध्ये तो घालू नये आणि कोरससारख्या मोठ्या, मोकळ्या भागात घालावा.

गिटार खालच्या स्वरात लावण्याचा मोह आवरावा किंवा त्यासाठी तारा बदलाव्यात. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी याने बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. तो डावखुरा असल्याने हीच बोटे तारा दाबणारी होती, म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या आणि पुढे गिटार खालच्या स्वरात लावली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत प्रेस मशीनवर काम करणारी माणसे ज्या शहरात घरोघरी आहेत, तेथे ही हकीकत सांगताना मला ती कधीच दूरची वाटत नाही. अकूस्टिक गिटारवर मात्र तारा ढिल्या केल्या की त्या पडद्यांवर खडखडतात आणि आवाजाची ताकद जाते, कारण तिथे कायेची वरची लाकडी फळी तारेच्या ताणानेच हलते. दोन अर्धस्वर खाली जायचे असेल तर १२ ते ५३ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या संचाऐवजी १३ ते ५६ चा संच लावावा. त्याहून खाली जाण्यापेक्षा ते काम बासकडे द्यावे.

अकूस्टिक बास गिटारची काया ४१ हर्ट्झचा स्वर खोलीत पसरवण्यासाठी पुरेशी मोठी नसते. तिच्यासमोर माईक लावून कितीही वेळ घालवला तरी तारांचा खरखराट वरचढ राहतो. तिच्या पिकअपमधून थेट इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणात) आवाज घ्यावा आणि माईक फक्त बोटांच्या स्पर्शासाठी सोबत ठेवावा. यामुळे कव्हरचे अकूस्टिकपण कमी होते, असे मी मानत नाही.

आता हार्मोनियमविषयी थोडे सविस्तर, कारण नाशिकमधील कोणत्याही नव्या बँडला हे वाद्य शेजारच्या घरातून मिळू शकते आणि तरीही ते या संगीतात फारसे कोणी वापरत नाही. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा सलग, दाट कॉर्ड ज्याला रॉकमध्ये भिंत म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे अकूस्टिक वाद्य माझ्या अनुभवात हार्मोनियमच आहे. तिच्या धातूच्या पत्त्यांचा (रीड्सचा) आवाज उपस्वरांनी भरलेला असतो, स्वर भाता चालेपर्यंत विझत नाही आणि भात्याच्या दाबाने कॉर्ड फुगवता येतो. तिने स्वरालंकार न करता फक्त षड्ज-पंचम, तेही खालच्या सप्तकात, धरून ठेवावेत. प्रत्येक रिफच्या पहिल्या मात्रेवर भात्याला जोर द्यावा आणि विरामाच्या जागी पट्ट्यांवरून हात पूर्ण उचलावा. हा विराम फार महत्त्वाचा आहे. हेवी रॉकमध्ये वजन आवाजाइतकेच अचानक तुटलेल्या शांततेतून येते, आणि एक वाद्य जरी त्या जागी रेंगाळले तरी परिणाम संपतो. एक तांत्रिक खबरदारी घ्यावी: जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मापाला जुळतातच असे नाही. पेटी ऐनवेळी लावता येत नाही, म्हणून ट्यूनर तिच्यासमोर धरून फरक मोजावा आणि बाकीची सर्व वाद्ये तिला जुळवून घ्यावीत.

शब्दांविना गायकाची ओळ

वाद्य-कव्हर बहुतेक वेळा येथे फसते. रॉकमधील गायक अनेकदा एकाच स्वरावर आठ-दहा अक्षरे म्हणतो, आणि तेथे अर्थ, उच्चार व आवाजाचा पोत ओळीला जिवंत ठेवतात. शब्द काढून तीच ओळ व्हायोलिनवर वाजवली तर एकच स्वर आठ वेळा ऐकू येतो. उपाय असा की, पहिल्या कडव्यात ओळ मूळ लयीत, पण गजाच्या वेगवेगळ्या आघातांनी वाजवावी, दुसऱ्या कडव्यात ती दुसऱ्या वाद्याकडे द्यावी आणि तिसऱ्या वेळी तिचा फक्त शेवट ठेवून बाकीच्या जागी रिफ पुढे आणावा. तिन्ही कडवी पूर्ण वाजवण्याचे बंधन नाही. शब्दांविना गाणे साडेतीन मिनिटांत संपले तर ते आखूड वाटत नाही.

आपल्याकडील व्हायोलिन आणि बासरीवादक बहुधा हिंदुस्थानी संगीत शिकलेले असतात, आणि त्यातून एक नाजूक अडचण उभी राहते. हेवी रॉकमधील भयाचा, अस्वस्थतेचा रंग पुष्कळदा षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतरातून येतो. ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० च्या पहिल्या अल्बमचा पहिला रिफच षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम अशा क्रमाने जातो. आपल्या कानाला मात्र तीव्र मध्यम पंचमाकडे जाण्याची सवय आहे. वादकाने तो स्वर मींडेने पंचमाला नेला की शुद्ध गंधारासोबत यमनची आणि कोमल गंधारासोबत मधुवंतीची सावली पडते, भय जाते आणि संध्याकाळ येते. म्हणून तीव्र मध्यम सरळ, मींडेविना लावावा आणि तेथेच थांबावे किंवा अर्धा स्वर खाली शुद्ध मध्यमावर यावे. आमच्या व्हायोलिनवादकाला ही शिस्त बाणवायला महिना लागला, कारण त्याला सुंदर वाजवणे सोडायचे होते.

लय

तालवाद्याच्या बाबतीतही अशीच सवय आड येते. तबल्यावर हात बसलेल्या वादकाचे मन समेकडे धावते, तर रॉकच्या चार मात्रांत स्नेअरचा (ड्रमसेटमधील कडक आवाजाच्या ड्रमचा) जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. बँडमधील सर्वांनी आठवडाभर वाद्ये बाजूला ठेवून मूळ गाण्यावर फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला टाळी द्यावी. हा व्यायाम बाळबोध वाटला तरी टाळू नये.

काहोन हे पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी सर्वांत सोयीचे वाद्य आहे, कारण त्याला विशिष्ट स्वर नसल्याने गाण्याची पट्टी बदलली तरी ते चालते. तबल्याचा दायाँ गाण्याच्या षड्जाला किंवा पंचमाला जुळत नसेल तर तो सतत खटकतो. डग्गा मात्र बास ड्रमच्या जागी सुरेख बसतो. झांजेच्या लांब आवाजाची उणीव दोन गिटारांनी त्या क्षणी सर्व तारा एकत्र छेडून भरावी. नाशिक ढोल वापरावा की नाही, हा प्रश्न येथील प्रत्येक बँडला पडतो, आणि तो वापरण्याची इच्छा मला पूर्ण समजते. पण लहान खोलीत तो इतर सर्व वाद्यांच्या माईकमध्ये शिरतो. तो हवाच असेल तर शेवटच्या भागापुरता, स्वतंत्रपणे, मोकळ्या मैदानात दोन-तीन मीटर अंतरावर माईक ठेवून घ्यावा.

मेट्रोनोमबद्दल मतभेद असतात. सत्तरच्या दशकातील बहुतेक रॉक गाणी त्याशिवाय वाजवलेली आहेत आणि जोरदार भागात त्यांचा वेग किंचित वाढतो. एकत्र बसून वाजवणार असाल तर रियाज मेट्रोनोमवर करून ध्वनिमुद्रण त्याविना करावे. एकेक वाद्य स्वतंत्रपणे घेणार असाल तर तो लागतोच, फक्त जोरदार भागासाठी वेग मिनिटाला एक-दोन ठोक्यांनी वाढवून ठेवावा.

हवा, ऋतू आणि लाकूड

नाशिकमध्ये ध्वनिमुद्रण डिसेंबर-जानेवारीत करावे, असा माझा आग्रह आहे. पंखा बंद ठेवून सलग दोन तास वाजवता येईल असे दिवस येथे तेवढेच असतात, आणि चालू पंखा हा घरगुती ध्वनिमुद्रणाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मार्चपासून येथील हवा कोरडी होऊ लागते, तेव्हा गिटारच्या पेटीत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवावा, आणि पावसाळ्यात त्याच जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. थंडीत वाद्य बाहेरून खोलीत आणल्यावर किमान अर्धा तास तसेच ठेवून मग सुरात लावावे. तारा नव्या हव्यात, पण त्याच दिवशी बदललेल्या नकोत. दोन दिवस आधी बदलून, ताणून, वाजवून घेतलेल्या तारा सुरात टिकतात.

खोली

खोलीत मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. सिमेंटच्या समोरासमोरील उघड्या भिंतींमुळे टाळीमागे पत्रा झणझणल्यासारखा आवाज आला तर त्या भिंतींपैकी एकीवर गोधड्या टांगाव्यात आणि कोपऱ्यांत गाद्या उभ्या कराव्यात. गोधडी जितकी जाड आणि भिंतीपासून जितकी दूर, तितका तिचा उपयोग जास्त. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि पुस्तकांची मांडणी हेही उत्तम काम करतात. मात्र खोली पूर्ण निःशब्द करू नये. डिस्टॉर्शनने दिलेला फुगवटा नसताना वाद्याभोवतीची थोडी हवाच आवाजाला मोठेपण देते. म्हणून गिटार आणि व्हायोलिन गोधड्यांच्या खोलीत, तर काहोन दिवाणखान्यात घ्यावे. जुन्या नाशिकमधील किंवा पंचवटीतील वाड्यात खोली मिळाली तर तिचे जाड भिंतींचे आणि लाकडी तक्तपोशीचे सौम्य, उबदार प्रतिध्वनी कोणत्याही यंत्राने मिळत नाहीत, फक्त पायाखालची फळी करकरत नाही ना, ते आधी तपासावे.

बाहेरच्या आवाजाचे वेळापत्रक एक आठवडा लिहून ठेवावे. पंचवटीत आरतीच्या वेळा, नाशिकरोडला गाड्यांच्या, देवळालीच्या बाजूला तोफखाना केंद्राच्या सरावाच्या. आमच्या खोलीत कामाच्या दिवशी दुपारी दोन ते चार ही सर्वांत शांत वेळ निघाली. रात्री वाजवायचे असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून दहापूर्वी संपवावे. फ्रिज बंद करावा, आणि तो परत सुरू करायचा विसरू नये म्हणून त्यात घराची किल्ली ठेवावी.

यंत्रे आणि माईक

यंत्रांवर मी कमी शब्द खर्च करणार आहे, कारण नवे बँड त्यांच्यावर सर्वाधिक विचार करतात आणि सर्वांत कमी फरक तेथे पडतो. दोन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागणारे दोन लहान डायफ्रामचे कंडेन्सर माईक, एक साधा डायनॅमिक माईक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढे पुरते. ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे आणि सर्वांत जोरदार आघात उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची घरघर आली तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे, आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून जोडावीत.

गिटारच्या भोकासमोर माईक लावू नये. तेथे १०० हर्ट्झच्या आसपास काया घुमते आणि रिफचे सर्व आघात त्या घुमण्यात बुडतात. बाराव्या पडद्यासमोर २० ते ३० सेंटिमीटरवर, किंचित भोकाकडे वळवून, माईक ठेवावा. तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवलेल्या रिफसाठी दुसरा माईक घोडीच्या मागे, खाली ठेवावा, कारण दबक्या आघातांचा ठोसा तेथेच सर्वांत स्पष्ट मिळतो. दोन माईक वापरताना एकाची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी, आणि ज्या स्थितीत खालचे स्वर भरीव वाटतात ती ठेवावी. काहोनच्या मागच्या भोकापासून वीतभर अंतरावर डायनॅमिक आणि पुढून कंडेन्सर लावावा, आणि येथे समोरासमोर असल्याने मागच्या माईकची फेज बहुधा उलटावी लागते. हार्मोनियमला माईक जवळ नेल्यास भात्याचा आणि पट्ट्यांचा आवाज येतो. अर्धा-पाऊण मीटर अंतर ठेवून तो वरून लावावा.

टेक

प्रत्येक टेकपूर्वी (गाणे एकदा वाजवून ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी) सर्व वाद्ये पुन्हा जुळवावीत, आणि सुरुवातीला तीस सेकंद कोणीही न हलता रिकाम्या खोलीचा आवाज घ्यावा. संपादनात दोन टेक जोडताना तो उपयोगी पडतो. गिटार, बास आणि काहोन एकत्र वाजवून घ्यावेत, मग हार्मोनियम आणि शेवटी व्हायोलिन. आघात करणाऱ्या तिघांनी एकमेकांचे हात पाहून वाजवले तरच विरामाच्या जागा एका क्षणी तुटतात. एका गाण्याचे दिवसाला पाच टेक पुरेत. त्यापुढे चुका कमी होतात, पण आघातातील ताकदही कमी होते, आणि या संगीतात एखादी सुटलेली तार चालते पण थकलेला हात चालत नाही. कोणता टेक ठेवायचा हे त्याच दिवशी ठरवू नये.

एक चूक आम्ही तीन वेळा केली. आवाज मोठा यावा म्हणून सर्वजण जीव खाऊन वाजवत राहिलो. अकूस्टिक तार एका मर्यादेपलीकडे मारली की ती मोठी न होता बेसूर होते, कारण आघाताच्या क्षणी ताण वाढून स्वर वर चढतो. मूळ गाण्यात डिस्टॉर्शनमुळे आवाजाची पातळी सपाट असते, पण आपल्याकडे चढ-उतार आहेत. कडवे साठ टक्के ताकदीने वाजवले, तर मोठा भाग नव्वद टक्क्यांनीही डोंगरासारखा येतो.

मिक्स

दोन्ही गिटार डावी-उजवीकडे दूर ठेवाव्यात, बास आणि काहोन मध्ये, व्हायोलिन मध्यापासून किंचित बाजूला, आणि हार्मोनियम पाठीमागे इतकी हळू की ती बंद केल्यावरच तिची उणीव कळावी. गिटारमधून ७० ते ८० हर्ट्झखालचा भाग कापावा म्हणजे बासला जागा मिळते. २०० ते ३०० हर्ट्झदरम्यान खोक्यासारखा आवाज येत असेल तर तेथे दोन-तीन डेसिबल कमी करावेत. कंप्रेशन (मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातील फरक कमी करणे) दोनास एक किंवा तीनास एक या प्रमाणापलीकडे नेऊ नये. रिव्हर्ब (कृत्रिम प्रतिध्वनी) संपूर्ण मिक्सला एकच आणि आखूड लावावा, आणि विरामांच्या जागी त्याची शेपटी आत शिरत असेल तर तो आणखी कमी करावा. डिस्टॉर्शनचा इफेक्ट गुपचूप बासवर लावण्याची सूचना अनेक जण करतील. मी ती स्वीकारत नाही, कारण मग वाद्यांच्या वाटणीवर घेतलेल्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

तयार मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावा. तेथे खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि तरीही रिफ वजनदार वाटत असेल तर मांडणी बरोबर आहे. वाटत नसेल तर मिक्समध्ये खटपट न करता बासला तोच रिफ एक सप्तक वर, दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा वाजवायला सांगावे. स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची पातळी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणतात, म्हणून आवाज त्याहून फार वर ठोकून बसवण्यात लाभ नाही, उलट जपलेले चढ-उतार जातात. सर्वोच्च शिखर उणे एक डेसिबलखाली ठेवावे.

परवानगी आणि प्रसिद्धी

शब्द वाजवले नाहीत म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज सर्वत्र आहे. संगीतरचना हीच स्वतंत्र कृती असते आणि भारतात तिचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी कव्हर्ससाठी वैधानिक परवान्याची सोय करते. पण पहिले ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने स्वामित्वशुल्क भरावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल मूळ कृतीत करता येत नाही. आपण करतो ते पुनर्मांडणीचे काम असल्याने ही शेवटची अट थेट आपल्यावर येते. म्हणून नव्या बँडसाठी हक्कधारकाची परवानगी घेणे किंवा कव्हरचे परवाने मिळवून देणाऱ्या डिजिटल वितरकामार्फत जाणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

यूट्यूबवर चित्रफीत टाकल्यास रचनेच्या हक्कधारकाचा कंटेंट आयडी (संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) दावा येऊ शकतो आणि जाहिरातींचे उत्पन्न त्याच्याकडे जाऊ शकते. हा दावा म्हणजे चॅनेलवरील कॉपीराइट स्ट्राइक नव्हे, त्यामुळे घाबरून चित्रफीत काढू नये आणि खोटा आक्षेपही नोंदवू नये. मूळ ध्वनिमुद्रणाचा एक सेकंदही आपल्या फाइलमध्ये नसावा, कारण त्याचे हक्क वेगळे असतात. माहितीच्या जागी मूळ रचनाकारांची नावे, मूळ बँड आणि वर्ष लिहावे, आणि आपल्या प्रत्येक वादकाचे नाव वाद्यासह द्यावे. सभागृहात कार्यक्रम ठरला तर रचनाकार आणि प्रकाशकांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा) परवाना आयोजक घेणार की बँड, हे तारीख देण्यापूर्वी लेखी विचारावे.

सर्व मूळ ट्रॅक, मिक्सची फाइल, पट्टी, वेग, पेटीचे मोजलेले माप आणि माईकांच्या जागांची छायाचित्रे एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. पुढच्या हिवाळ्यात दुसरे गाणे घेताना त्याच छायाचित्रांवरून तासाभरात खोली मांडता येते.